जोडपट्ट्यांच्या नोंदी : इंग्रजी भूतकाळी क्रियापद आणि त्याची सोबत

१२ जून

शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले आहेत आणि गेल्या वर्षीच्या नववीच्या निबंधवह्या अजून माझ्या कपाटात आहेत. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे सीमाभागात, असलेल्या आमच्या खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये इंग्रजीच्या शिक्षकांची एक नेहमीची तक्रार असते की मुलांना भूतकाळ येत नाही. मीही ती अनेक वर्षे केली. आज त्या वह्या पुन्हा वाचताना मात्र मी प्रत्येक चुकीच्या वाक्यात चूक नेमकी कोणत्या शब्दावर आहे एवढेच पाहिले, आणि तक्रारीचा बराचसा भाग चुकीच्या जागी ठेवलेला आहे असे माझ्या लक्षात आले. ‘वेंट’, ‘बॉट’, ‘सॉ’, ‘केम’, ‘टुक’ ही रूपे मुलांनी बहुतेक ठिकाणी बरोबर लिहिली आहेत, कारण त्यांचे तक्ते आम्ही पाचवीपासून घोकून घेतो. चूक होते ती क्रियापद संपल्यावर, म्हणजे त्याच्या लगेच पुढच्या शब्दावर.

वह्यांतून उतरवून घेतलेली काही वाक्ये अशी आहेत : ‘आय रीच्ड टू बेळगाव’, ‘माय सिस्टर मॅरिड विथ अ ड्रायव्हर’, ‘वी डिस्कस्ड अबाउट द ट्रिप’, ‘ही टोल्ड टू मी’, ‘आय वेटेड हिम टू अवर्स’. या पाचही वाक्यांत भूतकाळाचे रूप निर्दोष आहे. पहिल्या चार वाक्यांत ‘टू’, ‘विथ’, ‘अबाउट’ असे नको असलेले शब्दयोगी आले आहे आणि पाचव्यात हवे असलेले ‘फॉर’ गळले आहे. मुलाला काळ समजला आहे, पण त्या क्रियापदाला कोणाची सोबत लागते आणि कोणाची चालत नाही हे त्याला कोणी सांगितलेले नाही. या वर्षी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्याच सोबतीचा एक संग्रह तयार करावा असे मी ठरवले आहे, आणि त्या कामाची नोंद या वहीत ठेवणार आहे.

१९ जून

संग्रहाचे रूप ठरले. पुठ्ठ्याच्या हातभर लांब पट्ट्या कापायच्या आणि प्रत्येक पट्टीवर तीन चौकोन आखायचे. पहिल्या चौकोनात भूतकाळी क्रियापद, दुसऱ्यात शब्दयोगी आणि तिसऱ्यात नाम येईल. ज्या क्रियापदाला शब्दयोगी लागत नाही त्याच्या पट्टीवरही मधला चौकोन ठेवायचा, परंतु तो मुद्दाम रिकामा ठेवायचा, कारण इथे काही लागत नाही ही गोष्टसुद्धा डोळ्यांना दिसली पाहिजे. ‘रीच्ड’ च्या पट्टीवर मधला चौकोन मोकळा असेल आणि त्याच्या खालीच ‘अराइव्ह्ड’ ची पट्टी ठेवली की मधल्या चौकोनात ‘ॲट’ आणि ‘इन’ दिसतील. बसस्टँडसारख्या एका ठिकाणी पोहोचलो तर ‘ॲट’, गावात किंवा शहरात पोहोचलो तर ‘इन’, आणि ‘रीच्ड’ वापरले तर दोन्हीकडे काहीच नाही.

पट्टीच्या मागच्या बाजूला मराठी वाक्य लिहायचे हे मी आधीच ठरवले होते. आमच्या शाळेतील कन्नडच्या बाईंना पट्ट्या दाखवल्या तेव्हा त्यांनी कन्नड वाक्यही लिहावे असे सुचवले. ही सूचना मी लगेच मान्य केली. आमची बहुतेक मुले घरी मराठी बोलतात, परंतु बाजारात, तालुका कचेरीत, बसमध्ये आणि कन्नडच्या तासाला त्यांच्या कानावर सतत कन्नड पडत असते. त्यांची इंग्रजी दोन भाषांच्या मधून वाट काढत येते, म्हणून पट्टीवरही दोन्ही भाषा असणेच योग्य आहे.

२७ जून

आजचा दिवस ‘वर’ या एका शब्दयोगी अव्ययावर गेला. मुलांच्या मनात ‘वर’ म्हणजे ‘ऑन’ असे पक्के बसलेले आहे, आणि टेबलावर पुस्तक ठेवले तोवर त्यात काही बिघडत नाही. मात्र मराठीत आपण माणसावर रागावतो, माणसावर प्रेम करतो, माणसावर विश्वास ठेवतो, माणसावर हसतो, माणसावर आरोप करतो आणि माणसावर अवलंबूनही राहतो. इंग्रजीत या सहा वाक्यांची घरे वेगवेगळी आहेत. ‘वॉज अँग्री’ ला ‘विथ’ लागते, ‘लव्ह्ड’ आणि ‘ट्रस्टेड’ यांना काहीच लागत नाही, ‘लाफ्ड’ ला ‘ॲट’ लागते, ‘अक्यूज्ड’ मध्ये माणूस थेट येतो आणि गुन्ह्याच्या आधी ‘ऑफ’ येते, आणि ‘डिपेंडेड’ मध्ये मात्र आपले ‘ऑन’ जसेच्या तसे बसते. सहापैकी एका ठिकाणी अंदाज बरोबर ठरतो म्हणूनच तो अंदाज मुलांच्या मनातून जात नाही.

‘ला’ प्रत्ययाचीही हीच गत आहे. त्याला विचारले, त्याला सांगितले, त्याला मदत केली, त्याला हाक मारली, त्याला समजावून सांगितले, त्याला म्हणालो. पहिल्या चारांत ‘टू’ नको, म्हणजे ‘आस्क्ड हिम’, ‘टोल्ड हिम’, ‘हेल्प्ड हिम’, ‘कॉल्ड हिम’ असे लिहायचे. शेवटच्या दोघांत ‘टू’ हवेच, म्हणजे ‘एक्स्प्लेन्ड इट टू हिम’ आणि ‘सेड टू हिम’. उलट ‘त्याचे ऐकले’ यात मराठीत ‘ला’ नाही, तरीही ‘लिसन्ड’ च्या मागे ‘टू’ येतेच. आजवर आम्ही प्रत्ययासमोर एक इंग्रजी शब्द असा तक्ता भिंतीवर लावत आलो. तो तक्ता मी आज वर्गातून काढला. तो चुकीच्या ठिकाणाहून सुरुवात करतो असे माझे मत झाले आहे. सुरुवात क्रियापदापासून झाली पाहिजे.

६ जुलै

पाऊस लागून राहिला आहे आणि हजेरी कमी आहे, तेव्हा वर्गात मोकळेपणाने बोलता आले. आज परीक्षेचा विषय निघाला. मराठी घरातल्या मुलीने ‘आय गेव्ह द एक्झाम’ असे लिहिले होते, तर जिच्या घरी कन्नड बोलतात त्या तिच्या शेजारणीने ‘आय रोट द एक्झाम’ असे. दोघींनाही आपलेच बरोबर वाटत होते. मराठीत आपण परीक्षा देतो. कन्नडमध्ये ‘परीक्षे बरेदे’ म्हणतात, म्हणजे परीक्षा लिहिली. इंग्लंडमध्ये परीक्षेला बसतात किंवा परीक्षा घेतात, म्हणजे ‘सॅट’ किंवा ‘टुक’. ज्या मुलाने परीक्षा दिली त्यानेच इंग्रजीत ती ‘घेतली’ असे म्हणायचे, हे मुलांना फार विचित्र वाटले, कारण आमच्याकडे परीक्षा घेतो तो शिक्षक.

मी दोघींच्या वहीत लाल रेघ मारली नाही. भारतात ही दोन्ही रूपे सर्रास बोलली जातात आणि ऐकणाऱ्याला समजतात. पट्टीवर मात्र ‘टुक’ लिहिले, आणि त्याखाली बारीक अक्षरात आपल्याकडे काय म्हणतात तेही लिहिले. कोणता प्रयोग कुठे चालतो हे कळणे मला नुसत्या दुरुस्तीपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

याच तासात आणखी एक गोष्ट निघाली. प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माच्या नामाकडे वळते. रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली, रामाने आंबे खाल्ले. खाणारा तोच असला तरी क्रियापदाचे लिंग आणि वचन खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते. इंग्रजी ‘एट’ ला यातले काहीच ठाऊक नसते. आंबा असो, पोळी असो, एक असो वा दहा, ते बदलत नाही. कन्नडमध्येही क्रियापद कर्माकडे पाहत नाही, ते कर्त्याकडे पाहते. आमच्या सीमाभागातल्या बोलीत ‘मी काम केलो’, ‘मी सांगितलो’ असे जे ऐकू येते आणि मराठीच्या तासाला ज्यावर लाल शाई पडते, तिथे मराठी क्रियापद कन्नडच्या शेजाराने कर्त्याकडे वळलेले आहे. मी मुलांना सांगितले की मराठीत नाम क्रियापदाचा शेवट बदलते, तर इंग्रजीत नाम कोणते क्रियापद यायचे आणि मध्ये कोणते शब्दयोगी बसायचे ते ठरवते. दोन्ही भाषांत नाम आणि क्रियापद यांचे नाते आहेच, पण ते दिसते वेगवेगळ्या जागी. हे सांगताना मागच्या बाकावरची मुलेही लक्ष देऊन ऐकत होती.

१८ जुलै

आजची नोंद लांब होणार आहे, कारण गेला महिनाभर जे हाती लागत नव्हते ते आज लागले.

‘डिस्कस्ड’ च्या पट्टीवर मधला चौकोन रिकामा आहे. आठवीतल्या एका मुलाने पट्टी हातात घेऊन विचारले, “सर, ‘अबाउट’ कुठं गेलं ओ? पुस्तकातच हाय की.” मी पुस्तक मागितले. त्याने दाखवलेल्या वाक्यात ‘डिस्कशन अबाउट’ होते. मुलगा बरोबर होता. क्रियापदामागे ‘अबाउट’ येत नाही, पण त्याच क्रियापदाच्या नामामागे येते. मी फळ्यावर दोन रकाने आखले आणि तास संपेपर्यंत आम्ही ते भरत राहिलो.

‘डिस्कस्ड द प्लॅन’, पण ‘हॅड अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’. ‘एंटर्ड द हॉल’, पण ‘एंट्री इन्टू द हॉल’. ‘अटॅक्ड द फोर्ट’, पण ‘ॲन अटॅक ऑन द फोर्ट’. ‘डिमांडेड वॉटर’, पण ‘अ डिमांड फॉर वॉटर’. ‘रिक्वेस्टेड हेल्प’, पण ‘अ रिक्वेस्ट फॉर हेल्प’. ‘व्हिजिटेड द टेंपल’, पण ‘अ व्हिजिट टू द टेंपल’. ‘आन्सर्ड द क्वेश्चन’, पण ‘ॲन आन्सर टू द क्वेश्चन’. ‘मॅरिड अ फार्मर’, पण ‘हर मॅरेज टू अ फार्मर’. ‘एम्फसाइज्ड द पॉइंट’, पण ‘एम्फसिस ऑन द पॉइंट’. डावीकडे क्रियापद आपल्या नामाला थेट हात घालते. उजवीकडे तेच क्रियापद नाम बनते, आणि एका नामाला दुसरे नाम थेट जोडता येत नाही म्हणून मध्ये शब्दयोगी घ्यावे लागते.

आता मराठीकडे पाहू. आपण यांतले जवळजवळ प्रत्येक क्रियापद कसे म्हणतो? योजनेविषयी चर्चा केली. सभागृहात प्रवेश केला. किल्ल्यावर हल्ला केला. पाण्याची मागणी केली. मदतीसाठी विनंती केली. देवळाला भेट दिली. प्रश्नाला उत्तर दिले. शेतकऱ्याशी लग्न केले. मुद्द्यावर भर दिला. चर्चा, प्रवेश, हल्ला, मागणी, विनंती, भेट, उत्तर, लग्न, भर ही सगळी नामे आहेत आणि करणे किंवा देणे एवढेच खरे क्रियापद आहे. म्हणजे मराठी वाक्यात मुलाच्या समोर इंग्रजीच्या उजव्या रकान्याचीच रचना असते. ‘विषयी’, ‘वर’, ‘साठी’, ‘शी’ हे शब्द आणि प्रत्यय त्या नामांमुळे आलेले असतात. मूल भाषांतर करते तेव्हा ‘चर्चा केली’ याचा एकच शब्द ‘डिस्कस्ड’ असा बरोबर करते, आणि चर्चेमागे असलेले ‘विषयी’ तसेच उरते म्हणून त्याचे ‘अबाउट’ करून जोडते. मुलाच्या या चुकीत आळस नाही आणि अज्ञानही नाही. मराठी वाक्यातले काहीही गाळू नये या प्रामाणिकपणातून ती होते.

कन्नडच्या बाईंना मधल्या सुट्टीत हे दाखवले. त्यांनी लगेच वाक्य म्हणून दाखवले, ‘योजनेय बग्गे चर्चे माडिदरु’. तिथेही नाम आणि ‘माडु’ हीच जोड आहे, आणि ‘बग्गे’ म्हणजे आपले ‘विषयी’. आमच्या भागातील मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांची मुले एकच चूक का करतात, याचे उत्तर मला आज मिळाले. दोन्ही भाषांची कुळे वेगळी आहेत, पण या बाबतीत त्यांची घडण सारखी आहे.

यावरून पट्ट्यांची मांडणी बदलायची ठरवली. यापुढे अशा प्रत्येक क्रियापदाच्या दोन पट्ट्या एकाच दोऱ्यात बांधायच्या. एक क्रियापदाची, जिच्यात मधला चौकोन रिकामा असेल, आणि एक नामाची, जिच्यात तो भरलेला असेल. ‘एंटर्ड’ च्या जोडीला एक टीपही लिहिली आहे. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला आणि आत जाणे हा अर्थ त्याच्या पोटातच आहे, म्हणून खोलीत शिरताना ‘इन्टू’ लागत नाही. करार करताना मात्र ‘एंटर्ड इन्टू ॲन अग्रीमेंट’ असे म्हणतात. हा अपवाद दहावीच्याच मुलांना द्यायचा.

३० जुलै

श्रुतलेखन घेतले. ‘वी वॉक्ड टू द रिव्हर’ हे वाक्य मी नेहमीच्या गतीने वाचले आणि निम्म्याहून अधिक मुलांनी ‘वॉक’ लिहिले, भूतकाळाचे चिन्हच नाही. त्यानंतर ‘वी वॉक्ड इन द रेन’ वाचले, तेव्हा बहुतेकांनी ‘वॉक्ड’ लिहिले. शब्द तोच, मुले तीच, फरक पुढच्या शब्दयोगीचा.

कारण उच्चारात आहे. नियमित भूतकाळाचा शेवट तीन तऱ्हांनी उच्चारला जातो. अघोष, म्हणजे कंठ न थरथरता निघणाऱ्या, व्यंजनानंतर ‘ट्’ होतो, जसे ‘वॉक्ट’, ‘आस्क्ट’, ‘वॉश्ट’. घोष व्यंजनानंतर आणि स्वरानंतर ‘ड्’ होतो, जसे ‘कॉल्ड’, ‘प्लेड’. मूळ शब्द ‘ट’ किंवा ‘ड’ वर संपत असेल तर एक पूर्ण अक्षर वाढते, जसे ‘वेटिड’, ‘निडिड’. ‘वॉक्ट’ पुढे ‘इन’ आले की तो ‘ट्’ स्वराला चिकटून ‘वॉक्टिन’ असा स्पष्ट ऐकू येतो. पुढे ‘टू’ आले की दोन ‘ट’ एकमेकांत मिसळतात आणि कानाला एकच ‘ट’ मिळतो. तो एक ‘ट’ मूल ‘टू’ ला देऊन टाकते, आणि क्रियापद वर्तमानकाळात राहून जाते.

‘यूज्ड टू’ मध्ये तर असे नेहमीच होते. बोलताना ते ‘यूस्टू’ असे एकच होते, म्हणून मुले ‘यूज टू’ लिहितात, आणि इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही हीच चूक लिहिताना करतात. या शब्दाच्या दोन पट्ट्या केल्या. ‘माय ग्रँडफादर यूज्ड टू ग्रो टोबॅको’ म्हणजे आजोबा पूर्वी तंबाखू लावत असत. निपाणीच्या बाजूला नातेवाईक असलेल्या मुलांना हे वाक्य जवळचे वाटले. ‘ही वॉज यूज्ड टू द रेन’ म्हणजे त्याला पावसाची सवय होती. पहिल्यात ‘टू’ पुढे क्रियापद येते, दुसऱ्यात नाम. खानापूरच्या मुलांना दुसरे वाक्य समजावून सांगावे लागले नाही.

२० ऑगस्ट

शब्दांच्या सोबतीचा हा विचार मी प्रथम करतो आहे असे मुळीच नाही, आणि मुलांना ते ठाऊक असावे म्हणून आज थोडे वाचून दाखवले. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जॉन रूपर्ट फर्थ यांनी १९५७ मध्ये असे मांडले की शब्द ओळखायचा असेल तर तो कोणाच्या संगतीत असतो ते पाहावे. फर्थ यांनी १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवली होती. त्यांच्या आधी हॅरल्ड पामर यांनी टोकियोत जपानी विद्यार्थ्यांना शिकवताना अशा जोडशब्दांचा संग्रह केला आणि तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी परकी असलेल्या मुलांच्या गरजेतून हे काम उभे राहिले, ही गोष्ट मला विशेष वाटते. ज्याला भाषा जन्मतः मिळते त्याला ‘मेड अ मिस्टेक’ यात शिकवण्यासारखे काही आहे असे सहसा जाणवत नाही.

६ सप्टेंबर

करणे, देणे, घेणे, मारणे, लागणे, पडणे या मराठी क्रियापदांच्या पट्ट्या सुरू केल्या. ‘करणे’ चे इंग्रजीत दोन वाटे पडतात. चूक, आवाज, निश्चय, प्रयत्न यांच्यासोबत ‘मेड’ येते, तर गृहपाठ, काम, धुणे, उपकार यांच्यासोबत ‘डिड’. साधारणपणे ज्यातून नवे काही निर्माण होते तिथे ‘मेड’ आणि जे नेमून दिलेले किंवा नेहमीचे असते तिथे ‘डिड’ असे सांगता येते, परंतु हा नियम सगळीकडे टिकत नाही. म्हणून नियम एकदा सांगून पुढे पट्ट्यांवरच भर देतो आहे.

‘मारणे’ हे क्रियापद मराठीत फार राबते. हाक मारली, गप्पा मारल्या, उडी मारली, फेरी मारली, शिट्टी मारली, दांडी मारली. इंग्रजीत यातल्या एकाही ठिकाणी ‘हिट’ किंवा ‘बीट’ येत नाही. स्वप्न पडले, थंडी पडली, प्रश्न पडला याबाबतही तसेच आहे. ‘अ ड्रीम फेल’ असे एका मुलीने लिहिले होते. ‘हॅड अ ड्रीम’ ही पट्टी मी तिच्याच हातून लिहून घेतली.

इथे मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगितली. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी क्रियापदे, म्हणजे असणे, जवळ असणे, करणे, म्हणणे, जाणे, मिळणे, बनवणे, जाणणे, विचार करणे, घेणे, पाहणे, येणे यांची क्रियापदे, सगळीच अनियमित आहेत, आणि नामांची सर्वांत जास्त सोबत तीच करतात. अनियमित रूपांचा तक्ता पाठ करण्यात घालवलेला वेळ वाया गेलेला नाही, फक्त तो तक्ता नामांशिवाय पाठ केला गेला. ‘टेक, टुक, टेकन’ म्हणण्याऐवजी ‘टुक अ फोटो’, ‘टुक अ बस’, ‘टुक केअर ऑफ हर ब्रदर’ असे म्हणून पाठ केले असते, तर तेवढ्याच वेळात तिप्पट हाती लागले असते.

२ ऑक्टोबर

गांधीजयंतीच्या निमित्ताने दहावीला बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनावर परिच्छेद लिहायला सांगितला. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत भरलेले हे अधिवेशन महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली झाले, आणि गांधीजी अध्यक्ष असलेले हे काँग्रेसचे एकमेव अधिवेशन होय. मुलांनी तिथली, अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर पाहिलेली आहे.

विषय मी शब्दयोगींसाठीच निवडला होता. ‘महात्मा गांधी प्रीसायडेड ओव्हर द सेशन हेल्ड ॲट बेळगाव इन डिसेंबर १९२४.’ या एका वाक्यात तीन शब्दयोगी आहेत आणि प्रत्येकाचे काम निराळे आहे. ‘ओव्हर’ क्रियापदाने मागितले आहे, ‘ॲट’ जागेमुळे आले आहे आणि ‘इन’ महिन्यामुळे. क्रियापद बदलले तर फक्त ‘ओव्हर’ बदलेल, बाकीची दोन तिथेच राहतील. कोणते शब्दयोगी क्रियापदाचे आणि कोणते नामाचे, हे वेगळे काढायला मुलांना यातून शिकवता आले. काळाचे शब्दयोगी पक्के करण्यासाठी दुसरे वाक्य दिले : ‘बेळगाव’ चे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘बेळगावी’ झाले. वर्ष एकटे असेल तर ‘इन’, तारीख आली की ‘ऑन’. ‘लास्ट मंडे’ असेल तर दोन्ही नकोत, आणि हे मुले हमखास विसरतात.

मात्र खरी अडचण ‘हेल्ड’ वर आली. बहुतेकांनी ‘द ॲट बेळगाव हेल्ड सेशन’ किंवा ‘द हेल्ड सेशन ॲट बेळगाव’ असे लिहिले. ‘बेळगावात भरलेले अधिवेशन’ या मराठी रचनेचा हा सरळ परिणाम आहे. आपल्याकडे नामाचे वर्णन कितीही लांब असले तरी ते नामाच्या आधीच येते. आजोबांनी गेल्या वर्षी डोंगराच्या कडेला बांधलेले घर. कन्नडमध्येही तसेच. इंग्रजीत भूतकाळवाचक धातुसाधित एकटे असेल तर नामाच्या आधी बसते, जसे ‘अ स्टोलन सायकल’, ‘बॉइल्ड पोटॅटोज’, ‘अ ब्रोकन विंडो’. त्याला शब्दयोगीची शेपटी लागली की ते सगळे नामाच्या मागे जाते, जसे ‘द सायकल स्टोलन फ्रॉम द मार्केट’, ‘अ विंडो ब्रोकन बाय द विंड’. शेपटी असेल तर मागे, नसेल तर पुढे, एवढेच मुलांना सांगितले आणि ते त्यांच्या लक्षात राहिले. यासाठी पट्टीची रचना बदलावी लागेल, कारण इथे नामाचा चौकोन सर्वांत आधी येतो. दसऱ्याच्या सुट्टीत त्या नव्या पट्ट्या कापायच्या आहेत.

१४ नोव्हेंबर

सुट्टीनंतर नव्या पट्ट्या वर्गात आणल्या, आणि सोबत तो प्रकार हाती घेतला जो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, म्हणजे जिथे क्रियापदामागचा छोटा शब्द शब्दयोगी नसून क्रियापदाचाच तुकडा असतो. ‘ही रॅन अप द हिल’ म्हणजे तो टेकडीवर धावत गेला. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे दुकानात त्याची उधारी वाढत गेली. डोळ्यांना दोन्ही वाक्ये सारखी दिसतात. पहिल्यात ‘अप’ टेकडीचे आहे आणि दुसऱ्यात ते ‘रॅन’ चे आहे.

ओळखायची खूण सर्वनामाची आहे. नामाच्या जागी ‘इट’ घालून पाहायचे. ‘ही रॅन अप इट’ हे टेकडीबाबत चालते. बिलाबाबत मात्र ‘ही रॅन इट अप’ असेच म्हणावे लागते. ‘लुक्ड ॲट इट’ चालते आणि ‘लुक्ड इट ॲट’ कधीच चालत नाही. शब्दकोशात शब्द पाहिला तर ‘लुक्ड इट अप’ चालते आणि ‘लुक्ड अप इट’ चालत नाही. मुलांनी चपला काढून आणि घालून ‘टुक देम ऑफ’, ‘पुट देम ऑन’ म्हणून दाखवले, आणि सर्वनाम मध्ये शिरते हे अशा रीतीने कृतीतूनच पक्के झाले. पट्टीसाठी युक्ती अशी काढली की तुकड्याचा चौकोन वेगळा कापून दोऱ्याने बांधायचा, म्हणजे तो नामाच्या अलीकडेही ठेवता येईल आणि पलीकडेही. खऱ्या शब्दयोगीचा चौकोन मात्र क्रियापद आणि नाम यांच्यामध्ये चिकटवलेलाच राहील.

२५ नोव्हेंबर

जूनमध्ये ज्या वह्या वाचल्या त्यांतला निबंध त्याच विषयावर पुन्हा लिहून घेतला. ‘रीच्ड टू’ आणि ‘डिस्कस्ड अबाउट’ जवळजवळ गेले आहेत. ‘मॅरिड विथ’ अजून काही वह्यांत आहे. या शब्दाची आणखी एक पट्टी करावी लागेल, कारण ‘शी मॅरिड अ फार्मर’ मध्ये मधला चौकोन रिकामा असला तरी ‘शी वॉज मॅरिड टू अ फार्मर’ मध्ये तो भरतो, आणि ‘शी’ या मराठी प्रत्ययाचे ‘विथ’ या दोन्हींत बसत नाही. ‘वेटेड’ नंतरचे ‘फॉर’ बहुतेकांना येऊ लागले आहे.

एका मुलीने निबंधात ‘माय अंकल प्रीसायडेड द मीटिंग’ असे लिहिले होते, तिने ते स्वतःच खोडले आणि वर ‘ओव्हर’ लिहिले. मी तिला विचारले की हे कसे आठवले, तेव्हा ती म्हणाली, “काँग्रेस विहिरीच्या वाक्यातलं हाय की ते, सर.” दहावीच्या उरलेल्या पट्ट्यांची वाक्ये आता मुलांनी पाहिलेल्या जागांवरूनच घ्यायची आहेत. राजहंसगड, गोकाकचा धबधबा, कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा आणि लोंढ्याचे रेल्वे स्टेशन एवढी नावे आज वहीत लिहून ठेवली आहेत.